धारोष्ण दुधात मी बुडाले

मी दूध तपासायची नळी बोलतेय. लोक मला दुधाचा काटा म्हणतात. खरं तर बोलायची लाज वाटते, पण मनात ठेवून ठेवून जीव कोंडलाय.

माझं अंग काचेचं. पोटात शिशाचे छर्रे आणि मानेवर रेघा. दूध चोख असलं की मी वर तरंगते, पाणी घातलेलं असलं की मानेपर्यंत बुडते. बेचाळीस साली मी कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेत आले. माझ्या पेटीत एक इंग्रजी कागद होता. आरोग्य निरीक्षक नानासोंनी त्याची घडीसुद्धा मोडली नाही. "बुडाली की पाणी. त्यात वाचायचं काय रं?" असं ते शिपाई कोंडीबाला म्हणाले.

नानासो तसे कामाला चोख. बुरसटलेला खवा ते रस्त्यावर ओतायला लावत. औषधाच्या दुकानात क्विनाइनमध्ये खडूची पूड सापडली, तेव्हा त्यांनी दुकानाला कुलूप ठोकलं. गवळी तर मला पाहूनच चळचळा कापायचे. मला फार शेफारल्यासारखं झालं होतं, खोटं कशाला सांगू?

चांदबी विधवा बाई. एका म्हशीवर तिचं घर चाले. ती म्हैस दारोदार नेई आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देई. पौषातल्या एका सकाळी रोजच्या गिऱ्हाईक लीलाबाईंच्या दारात तिनं नुकतं दूध काढलं होतं. फेसही बसला नव्हता. तेवढ्यात नानासो आले आणि त्यांनी मला त्या कोमट दुधात सोडलं.

मी बुडाले.

"पाणी हाय," नानासो म्हणाले. दूध गटारात गेलं आणि चांदबीचा परवाना त्यांच्या खिशात.

"आवं लीलाबाई, तुमी तरी सांगा की! तुमच्या म्होरंच काढलं न्हवं?" चांदबी म्हणाली.

लीलाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "व्हय, पर काच कशाला खोटं बोलंल?" त्यांनी दार लावून घेतलं. डोळ्यांनी पाहिलेलं सोडून माणसं माझ्यावर विश्वास ठेवतात, हे मला त्या दिवशी कळलं आणि पहिल्यांदाच माझी मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी चांदबीनं म्हैस थेट कचेरीच्या आवारात आणली. रिकामी चरवी उलटी करून जमलेल्या माणसांना दाखवली, बाह्या वर सारल्या आणि धार काढली. नानासोंनी मला सोडलं. जीव तोडून वर राहायचं ठरवलं होतं मी. पण पुन्हा बुडाले.

नानासो म्हशीकडे बघून म्हणाले, "म्हशीला पाणी लय पाजलंस."

"मग परवाना म्हशीचा घ्या, सायेब. माझा कशाला घेताय?" असं म्हणून चांदबीनं म्हैस वळवली. चरवी तिथंच राहिली.

दुपारी कोंडीबानं ते गार झालेलं दूध ढवळलं आणि सहज मला त्यात सोडलं. मी ताठ उभी राहिले! तो ओरडला, "सायेब, ही तरंगली!" नानासो धावत आले. तेव्हा कुठे त्यांनी पेटीतला कागद उघडला. दूध निवल्यावरच तपासावं, असं त्यात दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं.

"चांदबीला बोलावू?" कोंडीबानं विचारलं.

नानासोंचे कान लाल झाले होते. त्यांनी आवाराकडे पाहिलं. सकाळी तिथं किती माणसं होती, हे बहुधा आठवलं असावं. त्यांनी मला पुसलं, पेटीत ठेवलं आणि हळूच म्हणाले, "दूध ओतून टाक."

पुढच्या बाजारी चांदबीची म्हैस विकली गेली, असं कोंडीबाच्या बोलण्यात आलं. नंतर नानासोंची बदली झाली. मी अजून इथंच कपाटात आहे, आणि नवे साहेब गरम दुधातच मला सोडतात.

तुमच्यापैकी कुणाला ती भेटली, तर एवढं सांगाल? चांदबी, तुझ्या दुधात पाण्याचा थेंब नव्हता. नानासोंना ठाऊक होतं, आणि मलाही.