लाजरी गंगा

विहिरीच्या काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. दोन हजार तीनचा कोरडा उन्हाळा, ओतूरच्या पलीकडची वाडी. आणि परवापरवापर्यंत तळ दाखवणाऱ्या गावविहिरीत बायकांच्या घागरी बुडत होत्या. जलनाथ महाराज डोळे मिटून डोलत होते.

"गंगा लई लाजरी. मोटारीच्या आवाजाला भिते. म्हणून तीन रात्री मोटारी बंद ठेवायला सांगितल्या. आली का न्हाई?"

"आली, महाराज," गर्दीनं हात जोडले.

महाराजांनी डोळे उघडून नेमके हर्षालीवर रोखले. "पण टिकायची न्हाई. खळ्यावर रास मोजताना तुमी पहिल्या मापाला 'एक' न्हाई, 'लाभ' म्हणता, आकडा घेत न्हाई. आन ही पोर विहिरीत मोजायची फीत सोडून गंगेचे आकडे लिहिते!"

हर्षाली पुण्यात जलसंपदा अभियांत्रिकीचं एम.ई. करत होती. वाडीतल्या विहिरींची पातळी मोजणं हाच तिचा प्रबंध. त्याच संध्याकाळी तिचे वडील हौशीराम यांनी फीत कोठीत टाकून कुलूप लावलं.

"दादा, मोजणं थांबलं तर शिक्षणही थांबेल."

"थांबू दे. गावाचं पाणी घालवलं म्हणून बोलणी कोण खाईल?"

"विहिरीचे झरे आणि सगळ्यांचे बोअर एकाच पाण्यावर आहेत. प्रत्येकानं ऑटो स्विच लावलाय. वीज आली की सगळ्या मोटारी एकदम ओढतात. विहीर भरेल कधी?"

"मग महाराज काय येडे हायेत?"

"नाहीत ना. तीच तर अडचण आहे."

मोटारी पुन्हा सुरू झाल्या, पाणी पुन्हा खाली गेलं. लोक मोटारींकडे नाही, हर्षालीकडे बघू लागले. तिला घरात बसवेना, बाहेर उभं राहवेना. पुस्तकातलं खरं इथल्या खडकातही खरं असेल ना, या विचारानं झोप उडाली होती.

आणि भर दुपारी वाडीला वीज देणारी डीपी जळाली. वाडीतली प्रत्येक मोटार मुकी झाली. वायरमन येईना. महाराज जुन्नरला भक्ताकडे मुक्कामाला गेलेले.

हर्षालीनं दोरीला गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि रोज सकाळी सगळ्यांदेखत मोठ्यानं मोजू लागली. एकेक गाठ पाण्याखाली जात होती.

"महाराज इथं नाहीत. व्रत नाही. मी मोजतेय, तेही ओरडून," ती म्हणाली. "मग पाणी कुणी आणलं, भागूकाका?"

शेजारच्या भागूनं डोकं खाजवलं. "डीपीनं म्हणायचं का?"

"मग तिलाच हार घाला."

बायका आधी हसल्या, मग पुरुष.

महाराज परतले, तेव्हा कानावर सगळं आलंच होतं. "ती डीपी मीच जाळली. गंगेसाठी."

"असं व्हय?" भागू पुढं झाला. "माझी भेंडी वाळली, राव. आता जोडून बी तुमीच द्या. चढा खांबावर."

महाराजांना दुपारची एसटी आठवली.

"पाणी तुम्हीच आणलंत," हर्षाली जमलेल्यांना म्हणाली. "तुमच्या मोटारी थांबल्या, म्हणून ते साठलं. कुणाच्या पाया पडू नका. ऑटो स्विच काढा, मोटारींच्या पाळ्या लावा, आणि पटत नसेल तर रोज येऊन मोजा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका, मोजा."

हौशीराम घरी गेले. कोठीचं कुलूप काढून फीत घेऊन आले, स्वतः वाकून तिचं टोक पाण्यात सोडलं.

"वाच पोरी," ते म्हणाले. "लाभ नको. आकडा सांग."