निळ्या फाटकावरचा कागद

वेलिकाने चाकाच्या खुर्चीला खटका लावला आणि इव्हान्थियाआजींच्या गुडघ्यांवरची शाल सारखी केली. बसथांब्यासमोरच्या फलकावरची गाद्यांची जाहिरात उतरली होती. तिच्या जागी आज एक तरुणी बत्तिशी दाखवत हसत होती.

"'दात अर्ध्या किमतीत! सीमा ओलांडा, हसत परत या!'" आजींनी मोठ्याने वाचलं. सत्त्याऐंशीव्या वर्षीही त्यांना लांबचं लख्ख दिसे; हातातला चमचा तेवढा दिसत नसे. "अगं, हे तर बल्गेरियातलं तुझंच गाव! तिकडे दात इतके स्वस्त, आणि तू इथे अर्धं बोळकं घेऊन फिरतेस?"

"मी होते तेव्हा कुठे होता हा दवाखाना? यंदाच उघडलाय."

ग्रीसमधल्या या सेरेस गावात आजींची देखभाल करत तिने पाच वर्षं काढली होती, पण फलकांकडे ती सहसा बघत नसे. एकेक अक्षर लावून वाचायचं, आणि शेवटी निघायचं काय, तर टायर नाहीतर गाद्या. आज मात्र तिची नजर त्या दातांवरून मागे गेली. तरुणीच्या खांद्यामागे चढणीची गल्ली, दगडी पायरी, द्राक्षाचा वेल आणि निळं फाटक. तिचंच फाटक. नवऱ्याने, सावाने, ते रंगवलं होतं आणि रंग उरला म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यालाही फासला होता. याच पायरीशी ती पत्र्यावर लाल मिरच्या भाजायची आणि गल्लीभर वास सुटायचा. तिला घराची फार आठवण आली.

तेवढ्यात फोन वाजला. गावाहून धाकटा भाऊ, किरील.

"ताई, गिऱ्हाईक आज हो की नाही विचारतंय. अगं, बंद घर ते, कुत्रंसुद्धा फिरकत नाही तिकडे. कशाला जीव अडकवतेस?"

"सांगते थोड्या वेळाने."

घर विकायचं तिने जवळजवळ ठरवलंच होतं. पण फाटकावर काहीतरी पांढरं दिसत होतं. तिच्या गावात माणूस गेलं की त्याच्या फोटोचा कागद फाटकावर चिकटवतात, आणि दर वर्षी घरच्याच माणसाने तो नवा लावायचा असतो. सावाचा वर्षश्राद्धाचा कागद तिने लावला आणि पुढच्याच आठवड्यात ग्रीसची बस धरली. तो ऊनपावसात कधीच गळून गेला असणार.

"माझ्या लेकाचं दार बंद करून चाललीस," सासू, राइना, तेव्हा म्हणाली होती. तेव्हापासून दोघींत अबोला होता.

"आजी, फाटकावर काय आहे हो?"

"कागद आहे. मिशीवाला कोणीतरी. कोराकरकरीत दिसतोय कागद. आणि खाली पायरीवर काळ्या रुमालात एक म्हातारी बसलीय, मांडीवर पातेलं घेऊन."

वेलिकाने खुर्ची ढकलत रस्ता ओलांडला. फलकाखाली उभी राहून वर पाहिलं, तर जवळून सगळे नुसते ठिपके. चार पावलं मागे आली तेव्हा कागदावरच्या सावाच्या मिशा, राइनाचा तो रुमाल आणि ते पोक जुळून आलं. पातेल्यात कागद चिकटवायची खळ होती, खळीत कुंचला. पातेलं एका कानाचं होतं, तिच्याच स्वयंपाकघरातलं. घराची दुसरी किल्ली सासूने कधी परत केलीच नव्हती.

तिने किरीलला फोन लावला.

"गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांग."

"वेड लागलंय का ताई? कारण काय देऊ?"

"घर रिकामं नाही म्हणावं."

फोन ठेवून ती पदपथावरच डोळे पुसत उभी राहिली. आजींचं लक्ष अजून फलकावरच होतं.

"पण काय गबाळे लोक तुमच्याकडचे! एवढी देखणी पोरगी उभी केली, आणि मागे ही म्हातारी तशीच. फोटो काढताना उठवायचं नाही का तिला?"

"उठ म्हणाले असतील, आजी," वेलिका म्हणाली. "तीच उठली नसेल."