शुक्रवारचं विमान

अनोमा एअरवेजचं पहिलं विमान कुमासीत उतरलं तेव्हा बँड होता, मंत्री होते, पाद्रीही होते. तीन महिन्यांनी नुसतं विमान उरलं. पन्नास आसनांत कधी अकरा माणसं, कधी नऊ. बाहेरून आणलेल्या तज्ज्ञाने वेळापत्रक मोठ्या झोकात आखलं होतं: सोमवार ते गुरुवार राजधानी अक्रा ते कुमासी रोज दोन फेऱ्या, आणि शुक्रवारपासून रविवारपर्यंत विमानाला विश्रांती. कुमासीभोवतालच्या असांते मुलखात शनिवार कशासाठी असतो, हे त्या भल्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगायला हवं होतं अक्याने. ती वेळापत्रक विभागात होती, आणि कुमासीच्या केजेटिया बाजारात मयताचं कापड विकणाऱ्या मामे सेरवाची मुलगी होती. पण तज्ज्ञापुढे तिची दातखीळ बसली, आणि त्याची तिला अजून चीड येत होती. कुमासीची फेरी बंद करायची भाषा सुरू झाली तेव्हा मात्र ती संचालक ओफोसुहेने साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. शनिवारी अर्धं अक्रा गावाकडे मयताला येतं, शुक्रवारी रस्ता तुंबतो, आणि आपलं विमान नेमकं तेव्हाच झोपा काढतं, असं तिने तोंडावर सांगितलं. साहेब स्वतः असांते. ते ओशाळले.

"चार आठवडे देतो," ते म्हणाले. "विमान भरलं नाही तर कुमासी बंद. मग माझ्याकडे येऊ नकोस."

कुठल्या आठवड्याला किती फेऱ्या लागतील, हे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस अक्यावर खार खाऊन होतं. चालतं दुकान सोडून पोरगी रिकाम्या विमानामागे लागली, हे आई गिऱ्हाइकांनाही ऐकवी. त्यात दोनच महिन्यांपूर्वी आईचा सख्खा भाऊ सरहद्दीपलीकडे आबिजानला वारला. बस सरहद्दीवर अडकली, आणि ती पोचली तेव्हा माती देऊन झाली होती.

अक्या दुकानात शिरली तशी आई म्हणाली, "आलं का तुझं विमान? माझ्या भावाच्या वेळी कुठे होतं?"

"कुमासीत उभं होतं," अक्या म्हणाली. "ते उभं राहणंच मोडायला आलेय. येत्या महिन्याचं कापड कुणाकुणाचं आहे, सांग."

आईने कात्री खाली ठेवली. मयताची तारीख महिनाभर आधी ठरते, साऱ्या घराला एकसारखं कापड लागतं, आणि त्यातलं अक्र्याला किती धाडायचं हे तिच्या जिभेवर असे.

"एजिसूच्या मास्तरांचं, साठ तुकडे अक्र्याला. मामपोंगच्या राणीआईच्या घरचे दीडशे. तिथे एका फेरीने काय होतंय? तीन सोड. आणि रविवारी चर्च सुटल्याशिवाय परत हलवू नकोस, लोक शिव्या घालतील."

पहिल्याच शुक्रवारी तिन्ही फेऱ्या भरून आल्या. काळ्या-तांबड्या कापडातली माणसं शिडीवरून उतरताना अक्याने एकेक करून मोजली. चौथ्या आठवड्यात विमानतळावर उभं राहायला जागा नव्हती. हे आकडे कुठल्या यंत्राने काढले, असं तज्ज्ञाने पत्र पाठवून विचारलं. केजेटियाच्या, असं तिने कळवून टाकलं.

वर्ष सरता सरता एकाची चार विमानं झाली. लोमेची फेरी सुरू झाली, फ्रीटाउनची झाली. आबिजानची पहिली फेरी कधी सोडायची हे साहेबांनी अक्यावर सोपवलं, आणि तिने मामाच्या वर्षश्राद्धाच्या आधीचा शुक्रवार धरला. कारण कुणाला सांगितलं नाही.

त्या सकाळी आई वर्षश्राद्धाच्या काळ्या-पांढऱ्या कापडात कुमासीच्या विमानतळावर आली. मागे बाजारातल्या वीस बायका, त्याच कापडात. हातातली घडी तिने अक्याच्या खांद्यावर टाकली.

"तुझा तुकडा. बस आत."

"मला इथे काम आहे, आई."

"मग नेस आणि काम कर." आई शिडीपाशी गेली, थांबली, आणि रेंगाळणाऱ्या बायकांकडे वळून म्हणाली, "पाय उचला ग. माझ्या लेकीचं विमान कुणासाठी थांबत नाही."