काजूचे मूळ गाव

कपाट उघडले की आधी डांबरगोळ्यांचा वास येई, मग वाळलेल्या पानांचा. दापोलीतल्या एका महाविद्यालयाच्या वनस्पती-संग्रहात शमिका सहा वर्षे काम करत होती. तिच्याआधी तिचे वडील दत्ताराम याच टेबलावर तीस वर्षे पाने दाबत आणि चिकटवत आले होते. त्यांना जाऊन आता तीन वर्षे झाली होती.

संग्रह संगणकावर चढवायचा होता. विभागप्रमुख समीक्षा मॅडमनी काजूची वाळलेली फांदी चिकटवलेला एक कागद तिच्यासमोर सरकवला.

"वाच. 'पात्रिया : पायरकोंड, संगमेश्वर.' काजू मूळचा ब्राझीलचा, हे पहिल्या वर्षाची पोरंही सांगतील. हे लेबल काढ, नवं लाव."

शमिकाने वडिलांचे अक्षर ओळखले. पात्रिया हे लॅटिन नाम, अर्थ पितृभूमी. रोमन माणूस जन्मगावालाही पात्रिया म्हणे आणि साऱ्या देशालाही. जुन्या लेबलांवर मात्र त्या रकान्यात वनस्पतीचा मूळ प्रदेश लिहीत. हे तेव्हाच्या विभागप्रमुख सरांनी दत्तारामना समजावले होते. त्या दिवशी जेवताना ते हसत म्हणाले होते, "मी म्हटलं, सर, या काजूला ब्राझील कुठं ठाऊक? त्याचा बाप आमच्या परड्यात उभा आहे."

निवृत्त झाल्यावर पायरकोंडला, आपल्या गावी, त्या परड्यात राहायला जाऊ, असे ते म्हणत राहिले. मग महामार्ग रुंद झाला आणि परडे त्याखाली गेले. शमिकाने ते झाड पाहिलेच नव्हते. तरी वडील गेल्यापासून त्याच्या सावलीत एकदा बसावेसे तिला फार वाटे.

तिची नजर लेबलावरून खाली उतरली.

"मॅडम, स्थळाचा रकाना कोरा आहे."

"मग?"

"हे लेबल काढलं तर फांदी कुठली, ते कुठेच उरणार नाही. आणि जुनं लेबल काढायचं नसतं, दुरुस्तीची चिठ्ठी शेजारी लावायची. तुम्हीच शिकवलंत."

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "वडिलांचं आहे म्हणून भांडतेस?"

"हो. नियम आहे म्हणूनही."

"वकील व्हायला हवं होतंस. लाव चिठ्ठी."

शमिकाने लिहिले : पात्रिया, ब्राझील. स्थळ, पायरकोंड, झाड आता नाही. खळ लावून तिने चिठ्ठी वडिलांच्या अक्षराशेजारी बसवली आणि ती सुकेपर्यंत अंगठ्याने दाबून धरली. पायरकोंड हा शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने लिहिला होता.