मोहोरबंद आवाज

मार्च महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी ठीक तीन वाजता, प्लोवदिव शहरातील जुन्या कातडीबाजारात, चौदा क्रमांकाच्या इमारतीच्या तळघरात ध्वनीची अधिकृत मोजणी झाली. अधिकारी म्हणून पांकोव, जागेचे चालक म्हणून स्तामेन, वादक म्हणून रालित्सा व तिचे दोन साथीदार, आणि ध्वनियोजक म्हणून मी, असे सहा जण हजर होतो. या सहांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता, आणि नेमक्या याच गोष्टीची मला अजून सर्वांत जास्त चीड येते.

अकरा वर्षे मी या तळघरात ध्वनीची व्यवस्था पाहतो आहे. जेमतेम एकशेवीस माणसे मावतात, छताला हात लागतो, भिंतींना घाम फुटतो. पण ज्यांच्या पाठीशी कोणती कंपनी नाही आणि ज्यांची गाणी रेडिओवर लागत नाहीत, त्यांना या शहरात उभे राहून वाजवायला दुसरी जागा उरलेली नाही. नव्या नियमाने अशा जागांत एक पेटी सक्तीची झाली. तिला स्वतःचा मायक्रोफोन असतो. खोलीतला आवाज ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की ती रंगमंचाची वीज तोडते. मर्यादा अधिकारी शेजाऱ्यांच्या घरात किती ऐकू येते ते मोजून ठरवतो, पेटीला शिशाची मोहोर लावतो, आणि ती मोहोर वर्षभर कोणालाही काढता येत नाही.

त्या शनिवारी रालित्साच्या पहिल्या तबकडीच्या प्रकाशनाचा कार्यक्रम होता. दिवसा दातांच्या दवाखान्यात काम करून चार वर्षांत तिने ती तयार केली होती. राजधानी सोफियाहून एक गृहस्थ ऐकायला येणार होते; त्यांना गाणी आवडली असती, तर उन्हाळ्यातल्या मोठ्या महोत्सवात तिला जागा मिळणार होती.

"हे बघा पोरांनो," पांकोव येण्यापूर्वी स्तामेनकाकांनी बजावले, "आज साहेबांपुढे मांजरीच्या पावलांनी वाजवायचं. त्यांना वाटू दे, इथे वाण्याच्या मुली पियानो शिकतात."

"काका, माझ्या गाण्यांत मांजर नाही," रालित्सा म्हणाली.

"शनिवारी वाघ सोड की! आज मांजर."

ढोल वाजवणाऱ्या ल्यूबेनने तोवर ढोलावर टॉवेल पसरलाही होता. "तपासणीला जीव तोडून वाजवतं कोण? हात शनिवारसाठी राखलेत."

यात लबाडी नव्हती. कार्यक्रमाआधीच्या तपासणीत वादक कधीच पूर्ण जोराने वाजवत नाहीत; मी मनातल्या मनात भर घालतो आणि त्या हिशेबाने बटणे लावतो. ही रीत आमच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की समोरचा माणूस मनात भर घालणारा नसेल हे कोणाच्या ध्यानातच आले नाही.

"परवानगी किती आहे ते कळल्याशिवाय आवाज कमी करणं चूक आहे," मी म्हणालो.

"क्रुम, तू वकील व्हायचास, चुकून इथे आलास," काका म्हणाले. "आज वाद नको, बाबा."

मी वाद घातला नाही. आयुष्यात जिथे वाद घालायला हवा होता, तिथेच मी स्वतःच्या हाताने आवाज खाली आणला.

पांकोव आपले यंत्र घेऊन वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दोन्का मावशींच्या शयनगृहात गेले. वीस मिनिटांनी ते उतरले, तेव्हा एका हातात यंत्र होते आणि दुसऱ्या हातात मावशींनी आग्रहाने दिलेला बनित्साचा, म्हणजे चीज घातलेल्या खुसखुशीत पदार्थाचा, तुकडा.

"वर एकवीस डेसिबल. तिसापर्यंत चालतं." त्यांनी बोटे पुसून कागद काढला. "हीच तुमची नेहमीची पातळी ना?"

"हीच हो साहेब!" काका म्हणाले. "कधीकधी तर याहून कमी."

अजून नऊ डेसिबल आमच्या हक्काचे होते, हे मला त्याच क्षणी कळले. पण बोललो असतो तर काका खोटे ठरले असते. काकांनी कागदावर सही केली. त्यांच्या खाली मीही केली. पांकोवांनी पेटी तिसावर नव्हे, आम्ही नेहमीचा म्हणून सांगितलेल्या त्या आवाजावर लावली आणि मोहोर दाबली.

शनिवारी सात वाजता तळघर भरले. पहिले गाणे मी काट्यावर डोळा ठेवून कसेबसे मर्यादेत पार पाडले. गाणे संपले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि वीज गेली. पेटीला गाणे आणि टाळी यांत फरक कळत नाही.

पाच मिनिटांनी वीज आली. "मंडळी, कृपा करून टाळ्या नकोत," रालित्सा म्हणाली. लोक हसले. दुसऱ्या गाण्याचे पालुपद ते तिच्याबरोबर गाऊ लागले, पुन्हा अंधार. तिसऱ्या गाण्यात ल्यूबेनचा संयम सुटला. वीज तुटली तरी तो वाजवतच राहिला, कारण ढोलाला वीज लागत नाही. खोलीतला सर्वांत मोठा आवाज तेवढा चालू होता आणि गाणे मात्र बंद होते.

सोफियाचे गृहस्थ कोट घालून रालित्सापाशी आले. "गाणी चांगली असावीत," ते सभ्यपणे म्हणाले आणि गेले.

जिन्यात दोन्का मावशी सपाता घालून उभ्या होत्या. "क्रुम, आज वाजवत नाही का रे? की माझे कान गेले?"

"वाजवतोय, मावशी."

"मंगळवारीसुद्धा असंच! मी त्या साहेबांना म्हटलं, पोरं आजारी दिसतात. एरवी माझे पेले थरथरतात."

सोमवारी मी पांकोवांच्या टेबलासमोर बसलो. मुद्दे क्रमाने लिहून नेले होते. त्यांनी सगळे ऐकले, मध्ये एकदाही तोडले नाही.

"म्हणजे मंगळवारचा आवाज तुमचा नव्हता?"

"नव्हता."

"सही तुमची आहे?"

"आहे. पण साहेब, तपासणीला कोणीच पूर्ण वाजवत नाही. ही रीतच आहे."

"मी रीत मोजत नाही. जे वाजतं ते मोजतो." त्यांनी माझे मुद्द्यांचे कागद नीट जुळवून मला परत दिले. "फेरमोजणी वर्षाने. तुम्ही सही केलीत तोच तुमचा आवाज. पुढच्या मार्चपर्यंत तेवढाच."