ऐंशी मिलिव्होल्टची शांतता

"मॅडम, आवाज गोड आहे. पण तुमच्यामागे पिठाची गिरणी चालू आहे."

सोमवारी सकाळी हा निरोप आला तेव्हा मी रडले नाही, चिडले. चिडणं मला जास्त जमतं. निरोप पाठवणाऱ्या ध्वनिसंपादकाला मी मनातल्या मनात कानसेन म्हणते. बोलती पुस्तकं काढणाऱ्या एका संस्थेत तो दिवसभर हेडफोन लावून बसतो आणि लोकांच्या वाचनातले दोष काढतो. माझा पहिला नमुना त्याने परत केला होता, आता दुसराही. खाली एक ओळ होती : "शुक्रवारी पाचपर्यंत स्वच्छ प्रकरण आलं तर पुस्तक तुमचं. नाहीतर दुसऱ्या वाचक तयार आहेत."

पुस्तक म्हणजे सहाशे पानांची, एकेचाळीस प्रकरणांची कादंबरी. एकोणीस वर्षं मी रेडिओवर निवेदन केलं. हवामान, रेल्वेच्या वेळा, हरवलं-सापडलं. मग केंद्र बंद झालं, आणि गेली दोन वर्षं माझा आवाज फक्त भाजीवाला आणि बाबा ऐकत होते. त्यातले बाबा अर्धंच ऐकतात, तेही सोयीचं. नवरा जहाजावर, म्हणून लग्नानंतरही मी बाबांकडेच; त्याच्याशी बोलायचं तर आधी समुद्राची परवानगी लागते. मला ते पुस्तक हवं होतं. इतकं हवं होतं की सकाळी दात घासतानाही मी त्यातली वाक्यं म्हणत होते.

गिरणी म्हणजे माझा कॉम्प्युटर. कपड्यांच्या कपाटाशेजारची एवढीशी खोली, भिंतींना गाद्या टेकवलेल्या, त्यात मी, माईक आणि तो डबा. रेकॉर्डिंग सुरू केलं की दोन मिनिटांत त्याला ताप चढायचा आणि आतला पंखा असा घोंगावायचा, जणू मी वाचतेय म्हणून त्याचाच संताप होतोय. डबा खोलीबाहेर ठेवावा तर वायर पोचत नव्हती. आवाज सॉफ्टवेअरने पुसावा तर कानसेन म्हणाला, "मग तुम्ही डालड्याच्या डब्यातून बोलताय असं वाटतं."

मी मावसभावाला फोन लावला. हा डबा त्यानेच जोडून दिला होता, तेव्हा शिव्याही त्यालाच खायच्या होत्या.

"ताई, मोठा पंखा त्या छोट्या डब्यात मावायचा नाही," तो शांतपणे म्हणाला. "त्यापेक्षा प्रोसेसरचं व्होल्टेज कमी कर. कारखान्यातून प्रत्येक प्रोसेसरला गरजेपेक्षा जरा जास्तच वीज ठरवून देतात, म्हणजे त्यातला सगळ्यात अशक्त तुकडाही चालावा. तुझा धडधाकट असेल तर त्याला कमी पुरेल. वीज कमी, ताप कमी, पंखा गप्प. वेग तोच."

"आणि जास्त कमी झालं तर?"

"तर मध्येच गोठेल. मोडणार काही नाही. परत वर चढवायचं."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. दारात बाबा उभे होते, हे मला उशिरा कळलं. भिंग कपाळावर सरकवलेलं, हातात कुणाच्या तरी मनगटी घड्याळाचं झाकण.

"काय रे," ते फोनला म्हणाले, "म्हणजे स्प्रिंग गरजेपेक्षा जड बसवली आहे म्हणतोस?"

"अगदी तसंच, काका."

"मग बरोबर आहे. जड स्प्रिंग लावली की घड्याळ चालतं, पण आतून ठोके मारत चालतं. झिजतं." आणि माझ्याकडे वळून, "ऊठ रेडिओ. मला बसू दे."

रेडिओ म्हणजे मी. तीन वर्षांची असल्यापासून.

बाबा घड्याळजी. बाजारातलं दुकान गुडघ्यांमुळे बंद केलं, पण घरात घड्याळं पहिल्यापासूनच होती. आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतींवर, कपाटात, टीव्हीच्या डोक्यावर मिळून तेवीस घड्याळं आहेत, सगळी चावीची, सगळी चालू. त्यांत मुख्य म्हणजे समोरच्या भिंतीवरचं लंबकाचं मोठं. ते बाबांना त्यांच्या उस्तादांनी दिलं, आणि घरी आल्यापासून एकतीस वर्षांत ते एकदाही थांबलेलं नाही. दर सोमवारी सकाळी अकराला त्याला चावी. माझं लग्न नेमकं सोमवारी होतं. पाहुणे जेवायला बसले आणि नवरीचा बाप अर्धा तास गायब. माझ्या सासूबाईंनी तो किस्सा पुढे वीस वर्षं पुरवून पुरवून वापरला. मी हसण्यावारी नेते, पण खरं सांगायचं तर तो अर्धा तास मला अजून टोचतो.

तर बाबा कॉम्प्युटरपुढे बसले. मावसभावाने फोनवरून सांगितलं तसं, मशीन सुरू होताना बटण दाबून ते आतल्या पानांवर गेले, आणि तिथे व्होल्टेजमधून किती वजा करायचं तो आकडा सापडला. मला वाटलं आता धडाधड कमी करतील. छे! त्यांनी आधी वही आणली, पट्टी आणली, चार रकाने आखले.

"एका वेळी एकच बदल," ते म्हणाले. "आणि प्रत्येक बदलानंतर थांबायचं."

वजा वीस मिलिव्होल्ट. मग प्रोसेसरला पुरता घाम काढणारा एक प्रोग्रॅम लावून अर्धा तास. तापमान ब्याण्णववरून नव्वद. नोंद. वजा चाळीस, पुन्हा अर्धा तास. साठ. ऐंशी. ते तळहात डब्यावर ठेवून डोळे मिटून बसायचे, डॉक्टर बसतात तसे. मी चहा करून करून थकले. वजा शंभरही पास झालं. वजा एकशेवीसला अकराव्या मिनिटाला स्क्रीन गोठला, आणि बाबांचा चेहरा असा खुलला की जणू त्यांना हेच बघायचं होतं.

"सापडली हद्द. आता मागे ऐंशीवर."

"शंभर पास झालं होतं की!"

"काठावर चालणारं घड्याळ मी गिऱ्हाइकाला देत नाही. ऐंशी. आणि तीन दिवस निगराणीखाली."

हा त्यांचा जुना नियम. दुरुस्त झालेलं कुठलंही घड्याळ तीन दिवस खुंटीवर लटकतं, मग मालकाच्या हातात जातं. मी सांगितलं की मी गिऱ्हाईक नाही, मुलगी आहे, आणि माझ्याकडे चारच दिवस आहेत. ते म्हणाले, "म्हणजे एक उरतोच."

मला राहवलं नाही, हे कबूल करते. ऐंशीला पंखा बराच शांत झाला होता, पण कान लावला तर जाणवायचा. बुधवारी बाबा डुलकी काढत होते तेव्हा मी गुपचूप आकडा शंभर केला. पंखा जवळजवळ नाहीसा झाला. मी पहिलं प्रकरण वाचायला घेतलं आणि काय सांगू, असं वाचन माझ्याकडून वर्षानुवर्षांत झालं नव्हतं. नायिकेची बहीण स्टेशनवर तिला सोडून जाते तो प्रसंग आला आणि चौतिसाव्या मिनिटाला स्क्रीन निळा. सगळं गेलं. एक शब्द उरला नाही.

मी गाद्यांवर डोकं टेकून बसले. बाबा दारात आले आणि त्यांनी आकडा पाहिला. ते रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी फक्त तो पुन्हा ऐंशी केला आणि वहीत लिहिलं, "वजा १००. बुधवार. ३४ मिनिटं. रेडिओचा आगाऊपणा."

गुरुवारी संध्याकाळी निगराणी संपली. बाबांनी मान हलवली आणि मी प्रकरण पुन्हा वाचलं. बुधवारइतकं नाही, पण चांगलं. टोले पडायला दोन मिनिटं असली की मी आपोआप थांबते आणि ते संपले की पुढे जाते, ही लहानपणापासूनची सवय. हेडफोन लावून सगळं दोनदा ऐकलं. पंख्याचा मागमूस नव्हता. आवाज वाढवून ऐकलं तरी माझ्या आवाजामागे फक्त शांतता. मी ते पाठवलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा आरशापुढे उगाचच केस विंचरले.

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला कानसेनचा फोन.

"मॅडम, गिरणी गेली. अभिनंदन."

माझा जीव भांड्यात पडला.

"पण आता तुमच्यामागे वीस-पंचवीस माणसं नखं कापतायत."

"काय?"

"टिक, टिक, टिक. एकसारखी. आधी पंख्याखाली दबलं असेल. पाचपर्यंत बघा काही जमतंय का, त्यानंतर माझ्या हातात नाही."

फोन ठेवला आणि मी पुन्हा हेडफोन लावले. डोळे मिटले. काही नाही. शांतता. मग मी कानसेनच्या जागी बसून ऐकायचा प्रयत्न केला, परक्या माणसासारखा, आणि ते ऐकू आलं. जिला मी शांतता म्हणत होते तीच टिकटिकत होती. मी या घरात जन्मले. तेवीस घड्याळं चालू नसलेलं घर कसं असतं, हे माझ्या कानांना माहीतच नव्हतं.

आता करायचं काय? इथे आकडा कमी करायची सोय नव्हती. बाबांना घड्याळं थांबवा म्हणायचं? ज्या माणसाने माझ्या लग्नातही मोठं घड्याळ थांबू दिलं नाही, त्याला? मी ठरवलं, नाही विचारायचं. दुसऱ्या वाचकाला मिळू दे पुस्तक. पण ठरवता ठरवता डोळे भरून आले, आणि बाबा नेमके तेव्हाच आत आले.

"काय झालं?"

"काही नाही."

त्यांनी माझ्या डोक्यावरचे हेडफोन काढले आणि स्वतःच्या कानाला लावले. मी अडवलं नाही. ते ऐकत राहिले. भुवया वर गेल्या, मग खाली आल्या. "हे टीव्हीवरचं," ते पुटपुटले. "हे कपाटातलं गजराचं... आणि हे..." ते थांबले. "हे मधल्या फळीवरचं लंगडतंय! टिक आणि टॉक सारखं नाही. किती दिवस माझ्या नाकाखाली लंगडतंय आणि मला पत्ता नाही!"

"बाबा, माझं पुस्तक चाललंय आणि तुम्हाला फळीवरच्याची काळजी?"

ते तसेच बाहेर गेले. मला इतका राग आला की मी दार आपटलं.

गाद्यांमध्ये बसून मी नाक पुसत होते. थोड्या वेळाने काहीतरी विचित्र वाटायला लागलं. कान भरल्यासारखे. मी जांभई दिली, कान चोळले. मग स्वयंपाकघरात कपाट उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ माझ्या हिवाळी शालींचा खण ओढल्याचा. मी बाहेर आले.

टेबलावरची नि गजराची घड्याळं लंबकाच्या घड्याळांसारखी हाताने थांबत नाहीत. बाबा ती एकेक करून माझ्या शालींत गुंडाळून स्वयंपाकघरातल्या डब्यांमागे ठेवत होते, झोपलेली बाळं उचलावीत तशी. भिंतीवरची सगळी त्यांनी आधीच थांबवली होती. एक राहिलं होतं. मोठं. त्याचं काचेचं दार उघडं होतं.

"बाबा, ते नको. ते एक चालेल. कानसेन एवढं..."

"एकाचंही नख नको," ते म्हणाले. त्यांनी दोन बोटांनी लंबक धरला, आणि तो थांबला.

मला ते घर ओळखू येईना. स्वतःचा श्वास ऐकू येत होता. बाबा तसेच उभे होते, दोन बोटं लंबकावर, सोडलं तर पुन्हा सुरू होईल अशा भीतीने.

"बघत काय बसलीस? वाच."

मी वाचलं. स्टेशनवरचा तो प्रसंग आला, सरला, आणि या वेळी चौतिसावं मिनिट कधी गेलं ते कळलंही नाही. मध्येच अकरा वाजून गेले आणि टोले पडले नाहीत. थोड्याच वेळात खालचे शिंपीकाका धापा टाकत जिना चढून आले, कारण त्यांच्या हिशेबाने हे घड्याळ थांबलं म्हणजे घरात बाबा उरले नाहीत. दार उघडं होतं. बाबांनी तोंडावर बोट ठेवून त्यांना खुर्ची दाखवली. नंतर कळलं, शिंपीकाका पाऊण तास तिथेच बसले, गळ्यात टेप, न खोकता.

साडेचारला कानसेनचा फोन आला. 

"मॅडम, काहीच नाही ऐकू येत. फक्त तुम्ही. पुस्तक तुमचं."

मी ओरडले. शिंपीकाका जिन्याखालून ओरडले. बाबांनी "बरं" म्हटलं आणि लंगडणारं घड्याळ उघडून बसले.

मला कुणाला तरी मिठी मारायची होती, पण बाबांच्या हातात चिमटा होता. म्हणून मी मोठ्या घड्याळाची वही उघडली. प्रत्येक घड्याळाची एक वही, तसा नियम. तारीख, चावी, फरक, आणि शेवटचा रकाना "बंद". एकतीस वर्षं पानोपानी तो रकाना कोरा. शेवटच्या पानावर मात्र लिहिलं होतं : "शुक्रवार, १०.५२. बंद. कारण : मुलीचं वाचन."

त्याखाली पट्टीने आखलेल्या आणखी चाळीस ओळी होत्या, पुढच्या चाळीस तारखा घालून. प्रत्येकीत "११ ते १ बंद. कारण : तेच."

"हे कधी लिहिलंत?" मी विचारलं. "फोन तर आत्ता आला."

बाबांनी भिंगातून वर पाहिलंही नाही. "तू वाचत होतीस तेव्हा. एका हाताने जमलं तसं."