सिक्स्टेनचं गॅस्केट

टॅपेटांना, म्हणजे इंजिनातल्या बोटाएवढ्या लोखंडी नळकांड्यांना, पेस्ट लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्यात चूक होण्यासारखं काही नाही असं गुनवोरचं मत होतं. गुनवोर माझी बायको. तिच्या हातात पाना शोभतो, माझ्या हातात पुस्तक. माझी सगळी नोकरी उत्तर स्वीडनमधल्या आमच्या गावच्या वाचनालयात गेली. गॅरेजमध्ये माझं काम म्हणजे स्टुलावर बसून इंजिनाची माहितीपुस्तिका मोठ्याने वाचून दाखवणं. त्या दिवशी वाचायचं संपलं होतं, आणि नुसता बसलेला मी दोघांच्याही पायांत येत होतो.

दुसरा म्हणजे सिक्स्टेन, आमचा शेजारी. फेब्रुवारीत तळं घट्ट गोठलं की बर्फावर जुन्या गाड्यांची शर्यत होते, आणि तिच्यात गुनवोरला दरवर्षी मागे टाकणारा तो हाच. तरी तिचं इंजिन उघडायचं ठरलं तेव्हा स्वतःची पान्यांची पेटी घेऊन सकाळीच दारात उभा.

"शत्रूला घरात घेताय, विचार करा," तो बुटांवरचा बर्फ झटकत म्हणाला.

"कसला शत्रू? गेल्या वर्षी माझी गाडी दमली म्हणून तू पुढे गेलास. यंदा बघ."

गाडी दमायची हे खरं होतं. ही जुनी व्होल्वो घेऊन गुनवोर परिचारिका म्हणून वस्त्यावस्त्यांवर हिंडली, जखमा बांधल्या, म्हाताऱ्यांना औषधं दिली. गाडीचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, आता झिजला होता. वेग वाढला की इंजिनाला श्वास पुरत नसे. नवा कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह जास्त उंच उचलणारा आणि जास्त वेळ उघडे ठेवणारा होता. त्याच्या जोडीला कडक स्प्रिंगा, नवे पुशरॉड, नवे टॅपेट, आणि कॅमशाफ्ट फिरवणारं पुढचं फायबरचं दातेरी चक्र काढून पोलादी. हे सगळं यंदाच व्हायला हवं होतं. उमेओ शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी गुनवोरला सांगितलं होतं, पुढच्या हिवाळ्यात लायसन्स राहणार नाही. म्हणजे ही तिची शेवटची शर्यत. हे ती एकदाच बोलली, बटाटे सोलताना. मग हात पुसून कॅमशाफ्ट मागवला.

पेस्ट लावायची ती अशासाठी की नवा कॅम आणि नवे टॅपेट पहिल्यांदा एकमेकांवर घासतात तो वेळ मोठ्या जोखमीचा. कोरडे घासले तर लोखंड लोखंडाला खातं, आणि एवढं महागाचं काम भुगा होऊन तेलात उतरतं. म्हणून प्रत्येक टॅपेट पुसायचा, तळाला काळी पेस्ट लावायची आणि भोकात सोडायचा. आठच टॅपेट. मी निम्म्यावर आलो असेन, तेवढ्यात सिक्स्टेन म्हणाला, "कॉफी."

आमच्याकडे तीनच्या कॉफीला हातातलं काम असेल तिथे सोडतात. करवत ओंडक्यात अडकलेली असली तरी तशीच राहते. उठताना माझ्या हातात एक टॅपेट होता. तो मी भोकात सोडला, हात धुतले आणि वर गेलो. कॉफीत आमच्याकडच्या रीतीने चीजचे तुकडे होते, वेलचीचे पाव होते, सिक्स्टेनच्या गप्पा होत्या. परत येऊन मी उरलेले टॅपेट बसवले. त्या दोघांनी वर हेड, म्हणजे इंजिनाचं जड झाकण, चढवलं, मध्ये पाणी गळू नये म्हणून गॅस्केटचा पातळ पत्रा घालून बोल्ट आवळले, व्हॉल्व्हची फट मोजली, पाणी भरलं.

गुनवोर सीटवर बसली. सिक्स्टेन कार्बोरेटरपाशी वाकला. "सुरू झाली की ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही हं. सावकाश फिरवलीस तर कॅम मेला."

"माहितीये रे."

तेव्हा मला तो टॅपेट आठवला. मी त्याला पेस्ट लावून सोडला होता, की नुसताच पुसून?

"थांबा," मी म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही. वाचनालयाचा आवाज, तो तसाच राहिलाय. मग मी जाऊन बॉनेटवर हात ठेवला.

"काय झालं?"

मी सांगितलं. सिक्स्टेन सरळ उभा राहिला. "अरे, लावली असशील की."

"असेन."

"मग?"

"असेन, पण माहीत नाही. कुठल्या भोकात सोडला तेही आठवत नाही."

"गुनवोर, हा तोच ना, ज्याने दाराला कुलूप लावलंय का बघायला आपल्याला नॉर्वेच्या सीमेवरून परत आणलं होतं?"

"हाच."

"आणि कुलूप होतं!"

"होतं," गुनवोर किल्ली काढत म्हणाली. "पण मग पुढच्या प्रवासात रात्री शांत झोप लागली ना तिघांना? उतरवा हेड."

या इंजिनाचे टॅपेट हेड उतरवल्याशिवाय बाहेर येत नाहीत. आणि एकदा आवळलेलं गॅस्केट दबतं, ते पुन्हा चालत नाही. नवं दक्षिणेतून यायला आठवडा लागला असता, शर्यत रविवारी होती. मी हे पुस्तकात वाचलेलं होतं, आणि तरी बोलून बसलो होतो. गुनवोरने सिक्स्टेनकडे पाहिलं. त्याने नाक चोळलं.

"माझ्याकडे एक पडलंय घरी."

"तुझ्या गाडीसाठी ठेवलेलं ना?"

"शेल्फवर धूळ खातंय. माझं इंजिन ठणठणीत आहे." आणि तो गेलासुद्धा.

पुन्हा पाणी काढलं, पुन्हा बोल्ट सोडले. गुनवोरने चुंबकाने एकेक टॅपेट वर ओढला आणि दिव्याखाली उलटा केला. पहिला काळा. दुसरा काळा. आठही काळे, चकचकीत, कॉफीपूर्वीचे आणि नंतरचेही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुलूप होतं," सिक्स्टेन म्हणाला, आणि दोघं इतके हसले की गुनवोरला खाली बसावं लागलं. मग तिने पेस्टचा डबा माझ्यापुढे सरकवला.

"लाव आणखी एकेक थर. आणि आता कुणी कॉफी म्हणालं तर उठायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पहिल्याच चावीला उठली. वीस मिनिटं गुनवोरने पाय हलवला नाही. गॅरेज जळक्या पेस्टच्या धुराने भरलं, पोलादी चक्र किटलीसारखं शिट्टी घालत होतं, आणि त्या सगळ्याखाली टॅपेटांचा आवाज एकसारखा, एकही बेसूर नाही. गुनवोर काचेतून माझ्याकडे बघून हसली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती.

रविवारी तळ्यावर मी सिक्स्टेनची हिरवी गाडी शोधत होतो. गाडी नव्हती. तो चालत आला, थर्मास काखेत.

"गाडी कुठाय?"

"घरी. जरा पाणी पितेय."

पाणी कशाने जातं हे मी अनेकदा मोठ्याने वाचून दाखवलं होतं. "गॅस्केट?"

"गेल्या महिन्यापासून कुरकुरत होतं. काल गेलं."

"म्हणजे ते शेल्फवरचं तू स्वतःसाठी–"

"हळू बोल की. एरवी आवाज फुटत नाही, आणि आजच बरा फुटला."

"माझ्यामुळे रे. काही गरज नसताना."

"गरज नव्हती हे उघडल्यावर कळलं," तो म्हणाला. "घे, कॉफी घे."

मला त्याचे आभार मानायचे होते. मी कप घेतला.

झेंडा पडला. गुनवोर पहिल्या रांगेतून सुटली. वळणावर गाडी आडवी झाली, बर्फाचा फवारा उडाला, आणि जिथे दरवर्षी इंजिनाचा दम संपायचा तिथे ते आणखी वर चढलं. शिट्टी पलीकडच्या किनाऱ्यावरून ऐकू येत होती. सिक्स्टेन कॉफी प्यायचं विसरला होता.

"इतकी वर्षं मी हिला फक्त आरशात बघितली," तो म्हणाला. "चालवते कशी, ते दिसलंच नव्हतं."

"कशी चालवते?"

"बेफाम."

ती पहिली आली. गाडी आमच्यापाशी थांबवून तिने काच खाली केली. गाल लालभडक झाले होते. "सिक्स्टेन, कुठे होतास? मागे बघतेय, बघतेय, दिसलाच नाहीस!"

"होतो की. बराच मागे."

ती हसली. मग तिची नजर त्याच्या हातातल्या कपावर गेली, हेल्मेटऐवजी डोक्यावर असलेल्या लोकरीच्या टोपीवर गेली, आणि तिथून माझ्याकडे. माझं तोंड मला कधीच लपवता येत नाही. मग वाकून तिने पलीकडचं दार उघडलं.

"बस आत."

"अगं, शर्यत संपली."

"तळं आहे ना अजून? बस म्हणते ना."

सिक्स्टेनने थर्मास माझ्या हातात दिला आणि आत बसला. ते दोघं पुन्हा तळ्यावर गेले, सगळ्या गाड्या परतत असताना, उलट्या दिशेने. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मला नीट दिसलं नाही. पण इंजिन ऐकू येत होतं. मी आठही टॅपेट ऐकत उभा राहिलो.